खडखडाट राहू द्या

शहनाज गेली तेव्हा मी बारावीच्या पेपरवर पर्यवेक्षण करत होते, आणि माझा फोन केंद्रप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद होता. सव्वादोनला फोन हातात आला तेव्हा त्यावर एकवीस मिस्ड कॉल होते. साडेअकराच्या सुमारास ती दुकानात एका मिक्सरचं बूड उघडून बसली होती म्हणे. छातीत कळ आली, तिनं समोरच्या हार्डवेअरवाल्याला हाक मारली, आणि त्याच्या गाडीत, दवाखाना दोन वळणांवर असताना… एक्केचाळीस वर्षांची होती. तिची ती हाक पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली, असं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, आणि सांगताना तिघांनीही मान खाली घातली. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. पोलीस पंचनाम्यासारख्या त्या दिवसात तेवढी एकच गोष्ट तिची होती.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी वणीच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला. एका सांस्कृतिक मंडळानं लावला होता. फोटो कुठल्याशा लग्नातला, ओढणी डोक्यावर नीट घेतलेला, आणि खाली ठळक अक्षरांत ‘मितभाषी, मृदुभाषी गायिका’. मी स्कूटर बाजूला घेतली आणि तिथंच उभी राहून हसले, मग रडले, मग मला इतका राग आला की पेट्रोल भरायला निघाले होते ते विसरून घरी आले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे मला ठाऊक आहे. (ही म्हण तिच्यासाठी वापरली म्हणून ती स्वतः सगळ्यांत आधी खिदळली असती.) पण दूध तरी म्हशीचं असावं. शहनाज मृदुभाषी नव्हती. तिचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा होता, आणि तिनं आयुष्यात केलेलं एकमेव गाणं हे नेमकं त्याच आवाजाबद्दल होतं. ते गाणं कसं झालं, त्यात मी काय घोळ घातला, आणि दीड महिन्यापूर्वीच्या शोकसभेत काय घडलं, एवढं सांगायला मी हे लिहिते आहे. फ्लेक्सला उत्तर म्हणून कुणी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी मूळची घाटंजीकडची. आमची कापसाची शेती, घरात बायकांनी मोठ्यानं बोलायचं नाही हा कायदा. वणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी अँप्लिफायर बंद पडला. शिपाई म्हणाला, खाणीच्या रस्त्याला हमीदचाचांचं दुकान आहे, तिथं न्या. मी रिक्षात ते धूड टाकून गेले. दुकानात चाचा होते आणि मागच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई सोल्डरिंग करत बसली होती. मी चाचांना काय बिघडलंय ते सांगू लागले. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, “ओ मॅडम! काहून एवढ्या हळू बोलून राह्यल्या? कोणी मेलं का? अब्बाले ऐकू नाई येत. मोठ्यानं सांगा!” चाचांनी चाळीस वर्षं लग्नाचे भोंगे आणि कव्वालीचे बॉक्स कानाशी धरून तपासले होते, त्यात त्यांचे कान गेले. आई लहानपणीच वारलेली. त्या घरात ‘चहा घेता का’ हे सुद्धा ओरडूनच विचारावं लागायचं. शहनाजचा आवाज असा तयार झाला होता… बापासाठी. मदरशाच्या बाईंनी, शाळेच्या बाईंनी, मोहल्ल्यातल्या चाचींनी, दोन ठिकाणांहून बघायला आलेल्या पाहुण्यांनी, सगळ्यांनी तिला आयुष्यभर एकच सांगितलं होतं, पोरी हळू बोल. ती दुकानाबाहेर हळू बोलायचा प्रयत्नही करायची, पण ते तिला जमायचं नाही. जमत आलेली लग्नंही त्यामुळेच मोडली असं लोक म्हणत. ती म्हणायची, “आवाजानं मोडली तं बरं झालं. संसारात काय काय मोडलं असतं!”

अँप्लिफायर तिनं तासाभरात दुरुस्त केला, आणि त्या दिवसापासून माझी तिच्याशी मैत्री झाली. काही दिवसांत ती मला ‘तू’ म्हणू लागली, पण ‘मॅडम’ काही सुटलं नाही. “मॅडम, तू चहा घे,” असं तिचं चाले. मी दर शुक्रवारी कॉलेज सुटलं की तिच्याकडे जायचे. शुक्रवारी दुपारी नमाजसाठी शटर अर्धं खाली असायचं आणि दुकानामागच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या घराच्या एकुलत्या मोठ्या खोलीत, आम्ही बसायचो. तिथं एक कीबोर्ड होता. कुठल्याशा बँड पार्टीनं दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलीच नाही. त्याच्या दोन पट्ट्या मेलेल्या होत्या. शहनाजनं वाट पाहून पाहून तो आपलाच मानला होता. कुणाकडून शिकली नव्हती. मेलेल्या पट्ट्या टाळून बोटं फिरवायची, आणि म्हणून तिच्या प्रत्येक चालीला एक विचित्र उडी असायची. चालता चालता खड्डा आला की आपण पाय लांब टाकतो ना, तसं. मी एकदा म्हटलं, त्या पट्ट्या दुरुस्त का करत नाहीस, तुझा तर धंदाच आहे. ती म्हणाली, “कायले? याच्याशिवाय भागते.”

एक दिवस ती शाळेतल्या कुठल्या बाईंची नक्कल करत होती, ‘हळू बोल बाई, हळू बोल’, आणि करता करता तिनं ते कीबोर्डवर वाजवलं. मी हसता हसता वहीच्या मागच्या पानावर पहिल्या ओळी लिहिल्या. मी कॉलेजात वृत्तं शिकवते, माझ्या कविता दिवाळी अंकांत आल्या आहेत, आणि मी ‘भिंतींना कान असती’ वगैरे काहीतरी सुरू केलं होतं. तिनं कागद घेतला आणि वाचून परत दिला. “हे कोण बोलते घरी?” मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं ते असं:

भिंतीले कान, दाराले कान,
शेजारच्या काकूले चार-चार कान…
हळू बोल बाई, हळू बोल.

हसली तं म्हणते दात दिसते,
चालली तं म्हणते पाय वाजते…
हळू चाल बाई, हळू चाल.

असं चढत जायचं आणि शेवटी एकच ओळ, ‘मी तं नाई बोलत हळू.’ एवढंच गाणं. ताल कशाचा, तर एका जुन्या स्टॅबिलायझरच्या बटणाचा. चालू-बंद, चालू-बंद, टक्-टक्… टक्. आधी ढोलकी वाजवून बघितली होती, पण तिला ती आवडली नाही. “ढोलक आली की लोक म्हणते लोकगीत. हे लोकगीत नाई. हे माह्यं गीत आहे.” शहरात अशा गाण्यांना काय म्हणतात ते आम्हाला नंतर कळलं, इंडी की अल्टरनेटिव्ह की काय. आमच्यासाठी ते शुक्रवारचं काम होतं. चाचा अधूनमधून आत यायचे, स्पीकरच्या बॉक्सवर तळहात ठेवायचे, मान हलवायचे आणि जायचे. गाणं चालू आहे की नाही हे त्यांना हातानंच कळायचं, आणि चांगलं आहे की नाही तेही ते हातानंच ठरवत. दुरुस्त झालेला प्रत्येक बॉक्स ते असाच तपासत.

रेकॉर्डिंगच्या शुक्रवारी आम्ही केलेली तयारी आठवली की अजून हसू येतं. मोबाईलवरच रेकॉर्ड करायचं होतं, पण एकही नको असलेला आवाज येता कामा नये, असा तिचा हुकूम. दारं-खिडक्यांवर रजया टांगल्या. एप्रिल महिना, वणीतला, आणि पंखा बंद. फ्रिजची पिन काढली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. शेजारच्या काकूंना (होय, त्याच चार कानांच्या) जाऊन सांगितलं की अर्धा तास कुकर लावू नका. त्यांची शेळी गल्लीच्या टोकाला नेऊन बांधली. चाचांना शटरबाहेर खुर्चीवर बसवलं, कुणी गिऱ्हाईक आलं तर हातानंच थांबवा म्हणून. घामानं निथळत आम्ही चार वेळा गाणं केलं. चौथं तिला आवडलं. शेवटचं ‘हळू बोल बाई’ म्हणून ती श्वास घ्यायला थांबली, लांब थांबली, आणि मग ती शेवटची ओळ सगळा गळा मोकळा सोडून म्हणाली. आम्ही रजया काढल्या, पंखा लावला आणि काकूंकडून कुकरची शिट्टी झाली तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या.

माझा एक विद्यार्थी मुंबईत गाण्यांच्या कंपनीत कामाला होता. मी त्याला गाणं पाठवलं. त्यानं ते साहेबांना ऐकवलं, आणि चक्क साहेबांचाच फोन आला. गाणं आवडलं होतं. त्यांना ते काढायचं होतं. फक्त, ते म्हणाले, “दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर तो कसला आवाज आहे? कुणी भांडी पाडली का?” आम्ही म्हटलं, कसला आवाज? पुन्हा लावून ऐकलं. मग पुन्हा एकदा. दोघींना काहीच ऐकू येईना. मला वाटलं साहेबांचा फोन खराब आहे. चौथ्यांदा ऐकताना मी डोळे मिटले आणि मग… कळलं. शेवटच्या ओळीआधी ती थांबते तिथंच, आधी दूरवरचा धप्प आवाज, आणि पाठोपाठ खोलीतल्या शोकेसच्या काचा आणि आतल्या कपबश्या, खण्‌खण् खड्‌खड्. कोळशाच्या खाणीतलं ब्लास्टिंग. रोज दुपारी भोंगा होतो, मग सुरुंग उडतो, खाणीकडची अख्खी वस्ती एकदा हादरते, भिंतींच्या भेगा केसभर रुंदावतात आणि लोक हातातला घास तोंडात घालतात. आम्ही शेळी बांधली, घड्याळ थांबवलं, काकूंचा वरणभात अडवला, आणि धरणी हलत होती ती आम्हाला ऐकूच आली नाही. सवयच तशी पडली होती, तिला जन्मापासून आणि मला दहा वर्षांत.

लोक आता सांगतात की शहनाजनं तो आवाज मुद्दाम ठेवला, ती फार मोठी कलावंत होती. साफ खोटं. पहिल्यांदा ऐकू आल्यावर ती खजील झाली. तिचा धंदाच दुरुस्तीचा. फॉल्ट दिसला की तो काढायचा. “थांब, काढतो आपण,” म्हणाली आणि तीन दिवस लागली. आवाज निघेना. मग रविवारी, खाण बंद असते म्हणून, आम्ही सगळं गाणं पुन्हा केलं. स्वच्छ आलं. सूरही जास्त बरे लागले होते. आणि ऐकताना दोघींना जांभई आली. ती म्हणाली, शाळेतल्या प्रार्थनेसारखं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुनं गाणंच लावून बसली होती, मी पुढ्यात होते. गाणं त्या थांब्यापाशी आलं आणि बाहेर खरोखरच सुरुंग उडाला. गाण्यातली शोकेस आणि खोलीतली शोकेस एकदमच वाजली. शहनाज एकदम उठून उभी राहिली. मला वाटलं घाबरली. ती शोकेसकडे बोट करून म्हणाली, “मॅडम, मले सांग. इतक्या वर्षांत याले कोणी म्हटलं का, हळू बोल म्हणून?”

त्या क्षणी आम्ही लिहिलेलं गाणं काय आहे ते आम्हाला समजलं. गावातल्या कुणीही, नगराध्यक्षांनी, मौलवींनी, महाराजांनी, आमच्या प्राचार्यांनी, जमिनीला हादरवणाऱ्या त्या खड्ड्याला कधी आवाज कमी कर म्हटलं नव्हतं. म्हणायचं धाडसही कुणाला नव्हतं, आणि काहींची पोटं त्यावर होती. मग सगळ्यांचं सगळं शहाणपण एका रिपेअरवाल्या पोरीच्या गळ्यावर खर्च झालं. मी हे आता मागाहून आलेल्या अकलेनं लिहिते आहे. शहनाजनं इतकं काही म्हटलं नाही. ती साहेबांना फोनवर म्हणाली, “ते राहीन. तेच तं गाणं आहे.” साहेबांनी नम्रपणे सांगितलं की मग जमणार नाही. शिवाय ‘भिंतीले’च्या जागी ‘भिंतीला’ केलं तर बरं, असंही ते म्हणाले. तिनं फोन ठेवून दिला.

आणि इथं मी तिची मैत्रीण राहिले नाही. मला ते गाणं मुंबईहून निघायला हवं होतं. खरं कारण लिहिते, मला माझं नाव त्याखाली हवं होतं. ‘गीत’ असा शब्द, त्यापुढे दोन टिंबं, त्यापुढे माझं नाव. मी तिला हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं. ती ऐकेना तेव्हा मी ती फाईल नागपूरच्या एका स्टुडिओत नेली आणि साफ करून आणली. त्या मुलानं खडखडाट काढला, धप्प आवाज काढायला खालचे सगळे जाड आवाज कापले, तिच्या गळ्यातली खरखर घासून पुसून काढली, श्वाससुद्धा काढले. मी मोठ्या अभिमानानं शुक्रवारी जाऊन तिला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, “कोण गाऊन राह्यली हे?” मी म्हटलं, तूच. ती उठली, दुकानात जाऊन बसली आणि एका पंख्याची कॉइल गुंडाळू लागली. मी अर्धा तास त्या खोलीत बसून होते. मग निघून आले. आठ महिने आम्ही बोललो नाही.

तिनं गाणं स्वतःच टाकलं, मोबाईलवरून, जसं होतं तसं. फोटोच्या जागी शोकेसचा फोटो. पहिले काही आठवडे कुणी ऐकलं नाही. मग खाणीच्या ट्रकांवरचे ड्रायव्हर लावू लागले, चंद्रपूरच्या रस्त्यावर ढाब्यांवर ते ऐकू येऊ लागलं. मुलींच्या फोनमध्ये गेलं. मला सर्वांत आवडतं ते झरी जामणीकडच्या मुलींच्या वसतिगृहातलं. मी तिथं एका शिबिरासाठी गेले होते, तेव्हा आमचं भांडणच चालू होतं. जेवायच्या आधी कोलाम आणि गोंड मुली रांगेत बसून हे गाणं म्हणत होत्या, आणि त्या थांब्यापाशी आल्या की सगळ्या जणी चमच्यानं ताटं बडवायच्या. साठ-सत्तर ताटं! त्यांच्याकडे खाण नाही, सुरुंग नाही. त्यांना तो आवाज कशाचा हे ठाऊकच नव्हतं. एकीला मी विचारलं, इथं ताटं का वाजवता? ती म्हणाली, “गाण्यातच आहे ना.” वॉर्डन बाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, हळू गं, हळू… मी परतीच्या बसमध्ये ठरवलं की शहनाजकडे जायचं. पण कुठल्या तोंडानं जाऊ म्हणून गेले नाही.

शेवटी तीच आली. कॉलेजच्या सभागृहाचा माईक दुरुस्त करायला. मला स्टाफरूममधून बोलावून घेतलं, प्राचार्यांसमोर माईकपाशी उभं केलं आणि म्हणाली, “मॅडम, टेस्टिंग करा.” मी हॅलो हॅलो म्हटलं. “ऐकू नाई येत. मोठ्यानं.” मी पुन्हा म्हटलं. “अजून मोठ्यानं. माफी मागल्यावानी कायले बोलता?” तिसऱ्यांदा मी चक्क ओरडले आणि तेव्हा लक्षात आलं की माईक तिनं चालूच केलेला नव्हता. सभागृहात चाळीस मुलं हसत होती. ती सुद्धा. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, ते नागपूरवालं गाणं कुठं आहे? मी म्हटलं, काढून टाकलं. खोटं होतं. मी तेव्हाच, तिला ऐकवायच्याही आधी, ते आमच्या स्टाफच्या ग्रुपवर पाठवलं होतं. लोकांनी अंगठे दाखवले होते. आता ते कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे हे मलाही माहीत नव्हतं, आणि ते तिला सांगायची हिंमत मला पुढच्या चार वर्षांत झाली नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. माणूस मरणार नाही अशा बेतानं आपण जगतो…

फ्लेक्स लावणाऱ्या मंडळानंच शोकसभा ठेवली. आयोजक गजूभाऊ, भला माणूस, कुणाच्याही मयतीला आधी हजर. त्यांनी मला आधी फोन करून सांगितलं, ताई, आपण गाणंही लावणार आहोत, आणि त्याची एक छान, मधुर प्रत मिळाली आहे, तीच यापुढे सगळीकडे टाकू, तिच्या नावानं. त्या मूळ प्रतीत फार खडखड आहे हो, दुःखाच्या वेळी बरं नाही वाटत. तुम्ही गीतकार, तुमची परवानगी पाहिजे. मला विचारायला हवं होतं, कुठून मिळाली? मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. ‘बघू’ म्हटलं. ‘बघू’ला आपल्याकडे होकार समजतात.

सभागृह भरलं होतं. खाणीकडच्या वस्तीतल्या बायकाही आल्या होत्या, मागच्या रांगांत. पुढं हमीदचाचा, पांढऱ्या टोपीत, त्यांच्या बाजूला स्पीकरचा मोठा बॉक्स. चार जण बोलले आणि चौघांनीही तिच्या शालीन स्वभावाचा उल्लेख केला. मग गाणं लागलं. माझं गाणं, म्हणजे मी घासून पुसून आणलेलं. गोड, पातळ, कुणाचंही. लोक माना डोलावू लागले. चाचांनी सवयीनं बॉक्सवर तळहात ठेवला. थोडा वेळ थांबले. मग हात जरा खाली सरकवला, मग दुसरा हातही लावला, आणि शेजारच्या माणसाला त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, “चालू केलं का नाई अजून? काही येऊन नाई राह्यलं.” आणि बॉक्सवर हात तसेच ठेवून ते वाट बघत बसले… त्यांची पोर त्यात होतीच कुठं, हाताला यायला.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही, पण स्टेजवर जाऊन मी वायर उपसली हे आठवतं. गजूभाऊ धावत आले. “ताई, ताई, बसून घ्या, मी समजू शकतो, हळू…” बिचाऱ्याला काय माहीत त्यानं कुठला शब्द वापरला. मी माईक घेतला नाही. घाटंजीच्या आमच्या घरातल्या पाच पिढ्यांच्या बायकांचा आवाज घशात अडकला होता तो काढून मी चाचांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, “चाचा! हे शहनाजचं नाई! हे मी केलतं! तिले नको होतं! मी तिले खोटं सांगतलं!” घाटंजीची बोली मी नोकरी लागल्यावर सोडली होती, ती अशी परत आली.  चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असतील का, ते मला अजून कळलेलं नाही. मग म्हणाले, “मंग तिचं लाव.”

मी माझ्या फोनमधून लावलं. पहिल्या टक्-टक्‌ला बॉक्सची जाळी थरथरली. चाचांनी हात काढले नाहीत. ती गायली, तिच्या पत्र्याच्या आवाजात, उडी मारत, श्वास घेत. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर काचा वाजल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन प्रतिष्ठित माणसांनी दचकून छताकडे पाहिलं. मागून, वस्तीतल्या बायकांतून, एकीचा आवाज आला, “आमच्या घरी बी असंच वाजते.” कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. सभा त्यानंतर नीट चालली नाही. अध्यक्षांचं भाषण झालंच नाही. गजूभाऊ माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि ती दुसरी प्रत मी ज्याला ज्याला पाठवली होती त्या प्रत्येकाला फोन करून पुसायला लावते आहे. काही जण म्हणतात, अहो पण तीच चांगली आहे. मी त्यांच्याशी भांडते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे ती असेल तर कृपा करून काढून टाका. दुःख झालं असेल तर खडखडाटासकट करा.

दुकान आता पुन्हा चाचा सांभाळतात. हात कापतात, काम हळू होतं, पण होतं. मागची काही वर्षं पुढं शहनाजच असायची, गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची. आता ऐकणारं कुणी नाही, त्यामुळे ज्याचं जे बिघडलं आहे ते त्याला ओरडूनच सांगावं लागतं, आणि येतात त्या बहुतेक बायकाच, मिक्सर, इस्त्री, शेगडी घेऊन. मी गेल्या शुक्रवारी तिथं बसले होते. एक नवी सून आली, सासूबरोबर. हातात मिक्सर. सासू म्हणाली, तू थांब, मी सांगते, आणि तिनं खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. चाचांनी कानामागे हात धरला. सासूनं पुन्हा तितक्याच आवाजात सांगितलं आणि आजूबाजूला बघून गप्प झाली. मग सून पुढं झाली. आधी कुजबुजली, मग जरा मोठ्यानं, आणि तिसऱ्या वेळी चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघतील अशा आवाजात म्हणाली, “चाचा, जळला हो मिक्सर! सासूबाईनं एकदम किलोभर डाळ टाकली! मी नको म्हणत होती तरी!” सासूनं तिचा पदर ओढला. सुनेचे कान लाल झाले होते, पण ती जागची हलली नाही. चाचांना बहुधा तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी त्यांनी कानामागचा हात काढला नाही.

“अजून जोरात बोल, बेटा,” ते म्हणाले.